रांगेतले सहा निरोप

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. जुनीतली अर्धी पानं पुण्यातल्या नोकरीला शिव्या घालण्यात गेली आणि उरलेली अर्धी ती नोकरी सुटल्यावर रडण्यात. ती वही आईच्या हाती लागायच्या आत ट्रंकेत टाकली. या वहीत फक्त कामाचं लिहायचं, असं ठरवलं आहे.

काम असं. आमच्या शेतकरी कंपनीने केनवडच्या आसपास दोनशे बारा विहिरींवर फोनने चालणारे डबे बसवले. फोनवर 'चालू' दाबलं की मोटर चालू, 'बंद' दाबलं की बंद. जुने स्टार्टर काढून टाकले, त्यामुळे हाताने दाबायचं बटणच राहिलं नाही. आणि निम्मे निरोप वाटेत हरवतात. डब्याला रेंज नसली की दाबलेलं वाया, लाईन गेलेली असली तरी वाया. शेतकरी कंपनीच्या नावाने बोटं मोडतात आणि व्यवस्थापक हरीओम सर माझ्या नावाने.

आज निरोपांची नवी पाइपलाइन जोडली. आता बटण दाबलं की निरोप आधी आपल्या सर्व्हरवर येतो, कोणाचा आणि कोणत्या विहिरीसाठी ते तपासलं जातं, आणि मग तो त्या विहिरीच्या रांगेत उभा राहतो. डबा आपला निरोप रांगेतून उचलतो आणि 'पोचला' असं उलट कळवतो. ते कळेपर्यंत निरोप जागचा हलत नाही. एका निरोपाने रांगेत किती वेळ थांबावं, याचा एक रकाना आहे. तिथे पाच मिनिटं घातली. त्यानंतर तो आपोआप रद्द.

पहिली चाचणी बाबांच्या विहिरीवर, क्रमांक ११७. वाशिमजवळच्या मालेगावच्या ऑफिसातून दाबलं आणि वीस किलोमीटरवर केनवडला मोटर उचलली. बाबांनी फोन करून सांगितलं, "आलं वं पानी." मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसच्या खाली इस्माईलचाचांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. व्हार्निशचा वास दिवसभर जिन्यातून वर येतो. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून चाचा आमच्या विहिरीत उतरतात. एकतीस वर्षांत या भागातली त्यांनी न पाहिलेली विहीर नसेल.

त्यांची एक रीत आहे. विहिरीत उतरायच्या आधी काठावरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि कुर्त्याच्या खिशात टाकायचे. वर आल्यावर स्वतःच्या हाताने लावायचे. दुसऱ्याच्या हाती कधी देणार नाहीत, बाबांच्याही नाही. चिनीमातीच्या त्या फ्यूजांनी खिसा कायम फाटतो आणि रहमतबी चाची तो शिवत बसतात. लहानपणी विहिरीतून खडखड आवाज आला की मला कळायचं, चाचा वर येतायत.

पण डब्याची वीज त्याच फ्यूजांमधून जाते. चाचांनी ते काढले की डबा मरतो आणि माझ्या पडद्यावर ती विहीर लालभडक होते, 'संपर्क तुटला'. आज एका दिवसात चार विहिरी लाल, आणि चारही ठिकाणी चाचाच उतरले होते! हरीओम सर म्हणाले, डब्यांना पैसा देणाऱ्या सरकारी योजनेची माणसं महिनाअखेरीस पाहायला येणार आहेत, तोवर पडदा हिरवागार पाहिजे.

१० नोव्हेंबर, सोमवार

लखीराम पवार सकाळीच ऑफिसात येऊन माझ्यावर घसरले. तांड्याच्या खालच्या अंगाला त्यांचं शेत आहे.

"म्या बटन दाबलं अन् लग्नाले गेलो. वापस येऊन पाह्यतो तं हरभरा कोल्डा ठण्ण! तुह्या मशिनीनं माहा निरोप कायले फेकून देल्ला?"

पाहिलं. त्यांच्या डब्याला सात मिनिटं रेंज नव्हती. निरोप पाच मिनिटं थांबला आणि रद्द झाला. मी त्यांना समजावायला गेले तर म्हणाले, "मानूस निरोप ठुते तो पोचासाठी ठुते. पाच मिंटात मराले कायले ठुइन?"

ते गेल्यावर मी तो रकाना उघडला आणि पाच हा आकडा पुसला. रिकामा ठेवला तर निरोप कितीही वेळ थांबतो. दोनशे बाराही विहिरींना तेच केलं. आता माझ्या रांगेत काहीही मरणार नाही. हरीओम सरांनी स्वतः चहा मागवला, यावरून काय ते समजावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज हसून पुरेवाट. लखीरामभाऊंच्या घरच्या सोनीबाई हौदापाशी पाइपाच्या तोंडाखाली बसून कपडे धूत होत्या. मोटर बंद, शेतात दुसरं कोणी नाही, आणि एकाएकी धो धो पाणी अंगावर! कपडे तिथेच टाकून त्या तांड्यापर्यंत पळाल्या. तांड्यात बोभाटा झाला की मोटरीत कोणी शिरलंय. एका म्हातारीने पेटीपुढे लिंबूसुद्धा ठेवलं.

मी नोंदी काढल्या. लखीरामभाऊंनी काल दुपारी 'चालू' दाबलं होतं. त्यांच्या भागातला टॉवर कालपासून बंद होता, तो आज साडेअकराला सुरू झाला. निरोप वीस तास रांगेत उभा राहिला आणि शेवटी पोचलाच. वीस तास! पुण्यातल्या माझ्या साहेबाला हे दाखवावंसं वाटलं.

सोनीबाईंना फोन करून समजावलं. त्या म्हणाल्या, "बाई, पानी होतं म्हनून हासू आलं." म्हटलं, झालं तर मग.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मनाचा हिय्या करून खाली चाचांच्या दुकानात गेले. त्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप घालून दिलं आणि प्रत्येक विहिरीपुढचं टिपकं दाखवलं. हिरवं म्हणजे चालू, करडं म्हणजे बंद. सांगितलं, "चाचा, करडं दिसलं की मोटर बंद. फ्यूज काढायचं काम नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन टिपकं पाहिलं.

"पोरी, बंद हाय हे खरं. पन चालू होनार नाही, हे कोन सांगते?"

"कोणी दाबलं तरच चालू होईल ना चाचा. आणि तुम्ही विहिरीत असताना दाबेल कोण? मालक तर काठावर उभा असतो."

"ते बी खरं," असं म्हणून ते पुन्हा तार गुंडाळायला लागले. पटलेलं दिसलं नाही. मग मी जरा लाडात आले. तुमच्यामुळे माझा पडदा लाल होतो, सर मला बोलतात, नवी नोकरी आहे, वगैरे. ते हसले. "तुह्या नौकरीले माह्या फ्यूजनं धोका हाय का? जा, नाही काढत."

उगाच ताणत होते म्हातारबुवा. इतकं सोपं होतं तर आधीच विचारायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवसांत एकही विहीर लाल नाही.

चाचा जिन्यात भेटले. म्हणाले, विहिरीत उतरल्यावर खिशाकडे हात जातो, खिसा हलका लागतो, करमत नाही. मी म्हटलं, होईल सवय.

घरी बाबांची कुरकूर चालू आहे, मोटर पाणी कमी फेकते म्हणतात. केबलचा जोड जुना झालाय, एकदा चाचांना दाखवायला हवा. मला आता त्यात लक्ष घालायला वेळ नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या पाहुणे. वाशिमहून तिघं, नागपूरहून दोघं. हे पसंत पडलं तर आणखी तालुके मिळतील.

हरीओम सरांनी एक युक्ती काढली आहे. नुसता हिरवा पडदा दाखवून कोणी भारावत नाही. सकाळी दहाला रांगेचं तोंड बंद करायचं. शेतकरी नेहमीसारखे बटणं दाबतील, निरोप येऊन साठत जातील. पाहुणे जेवायच्या आधी त्यांच्यासमोर तोंड उघडायचं, सगळे निरोप एका दमात सुटतील. तीन तास यंत्रणा बंद होती तरी एक निरोप हरवला नाही, हे डोळ्यांनी दिसेल.

मी विचारलं, शेतकऱ्यांना ग्रुपवर कळवायचं ना?

"ज्योत्स्ना, सांगितलं तं कोनी दाबनारच नाही. मंग रांगेत काय दाखवशीन?"

बरोबर आहे. तरी मला थोडं कसंतरी झालं. उद्या शेतीला दिवसाची लाईन आहे, लोक गव्हाला पाणी द्यायला खोळंबतील, चिडतील. पण तीनच तासांचा तर प्रश्न आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी सव्वा वाजता

हे आत्ताच लिहायला हवं!

दहाला तोंड बंद केलं. पावणेएकपर्यंत एक्केचाळीस निरोप साठले. मी आकडा वाढताना पाहत होते. ११७ वर एकट्या बाबांनी सहा वेळा 'चालू' दाबलेलं, धीर म्हणून नाही माणसाला. हसू आलं.

सव्वाबाराला चाचांचा फोन आला होता. बाबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं, मोटर उचलत नाही म्हणून. चाचा म्हणाले, लाईन बरोबर हाय, डब्यावर दिवा हाय, केबलचा जोडच पाह्यतो, उतरून राह्यलो. आणि मग, "पोरी, फ्यूज काढू का?" मी पाहुण्यांसाठी खुर्च्या लावत होते. म्हटलं, आजच्या दिवस नको चाचा, पाहुणे आलेत, नेमकी आपलीच विहीर लाल दिसेल. मोटर बंदच आहे, मला इथे दिसतंय. ते म्हणाले, बरं.

बारा सत्तेचाळीसला सगळ्यांसमोर तोंड उघडलं. एका सेकंदात पडद्यावर करडी टिपकी हिरवी होत गेली. नागपूरचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच. फक्त एक टिपकं लाल झालं, नेमकं आपलंच, ११७. म्हणजे चाचांनी काढलेच शेवटी फ्यूज! पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांचे तीन मिस्ड कॉल आहेत. पाहुण्यांचं ताट वाढून झालं की लावते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्माईलचाचा गेले.

केबलचा जोड सोडून दोन्ही टोकं हातात होती आणि पाय पाण्यात. बाबा काठावर उभे होते. त्यांनी पाहिलं ते मला सांगितलं, ते मी लिहिणार नाही. बाबांनी धावत जाऊन पेटीतले तिन्ही फ्यूज काढले. तेव्हापासून ते फ्यूज बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आहेत. काल आईने सदरा धुवायला मागितला तर तिच्या अंगावर ओरडले. एरवी ते आईवर ओरडत नाहीत.

परवा संध्याकाळी दफन झालं. आज ऑफिसात गेले. खाली दुकानाचं शटर बंद, पण जिन्यात व्हार्निशचा वास तसाच होता. पडद्यावर ११७ समोर लिहून आलं होतं, 'रांगेत: ६'. केबल सुटलेली, त्यामुळे मोटर उचलल्याचं डब्याला दिसलं नाही आणि 'पोचला' कळवायच्या आत वीज तुटली, म्हणून पहिला निरोपही परत येऊन उभा राहिला. कोणी आज ते फ्यूज लावले असते तर मोटरला पुन्हा वीज मिळाली असती.

मी तो रकाना उघडला आणि त्यात दहा सेकंद घातले. सहाही निरोप पडद्यावरून गेले. एका आकड्याचं काम होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पंचनाम्यात लिहिलं आहे, फ्यूज न काढता उतरल्याने, मयताचा निष्काळजीपणा. गावात एकच बोलणं. इस्माईलभाऊचं वय झालं होतं, विसरला. चहाच्या टपरीवर शेजारच्या भागीरथा काकू बाबांना म्हणाल्या, "इतकी वर्सं इसरला नाही, अन् आता इसरला पाहा." बाबा चहा अर्धा टाकून घरी आले.

चाचा विसरले नव्हते. त्यांनी विचारलं होतं.

हरीओम सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, सर्व्हरवरच्या नोंदी सात दिवस राहतात, तीन तारखेला दुपारी आपोआप जातील. "आपन काई पुसून राह्यलो का? आपन काईच करत नाही. तू बी काई करू नको."

म्हटलं, चाचांच्या नावावर निष्काळजीपणा लागलाय. ते म्हणाले, मेलेल्या माणसाला काय फरक पडते, जित्यांचा विचार कर, तुझ्या बाबांचा कर. बटण त्यांनी दाबलंय, नोंदीत त्यांचाच नंबर आहे.

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं की काळजीने, मला अजून कळलेलं नाही. भीती मात्र वाटली. अजूनही वाटते.

३० नोव्हेंबर, रविवार

आई आणि मी रहमतबी चाचींकडे जाऊन आलो. बाया बसलेल्या होत्या. चाचांची मुलगी दुआ अकोल्याच्या शाळेत शिकवते, तीही आली आहे. चाचींनी मला जवळ बसवून घेतलं आणि चाचांचा धुतलेला कुर्ता मांडीवर घेतला.

"बेटा, हा खिसा पाय. दर आठ रोजानं फाटे. म्या शिवू शिवू थकली. या बारीले फाटलाच नाही. मले वाटे, काम कमी हाय का काय. लोक म्हनतात, त्या दिवशी इसरले. एक दिवस इसरले तं खिसा आठ रोज कसा नाही फाटला?"

मला विचारत होत्या की स्वतःला, माहीत नाही. दुआने चहा आणला, तो मी प्यायले. त्यांच्या घरचा चहा मी प्यायले आणि तोंड उघडलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

उद्या दुपारी नोंदी जातील.

सकाळी मी ऑफिसात गेले आणि ११७ च्या नोंदींचा कागद काढला. दीड पान भरलं. सहा वेळा 'चालू', अकरा पस्तीसपासून बारा दोनपर्यंत. बारा सत्तेचाळीसला रांग उघडली, उघडणाऱ्याचं नाव ज्योत्स्ना भागवत कव्हर. त्याच सेकंदाला पहिला निरोप सुटला आणि लगेच संपर्क तुटला. वरच्या कोपऱ्यात रकान्यातले जुने बदलही येतात, दहा नोव्हेंबरला थांबण्याची मर्यादा काढली, तिथेही माझंच नाव.

घरी येऊन आधी बाबांना दाखवला. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं. आपला नंबर ओळखला.

"म्हंजे म्याच..."

"नाही बाबा. तुम्ही नुसतं बटण दाबलं. मोटर चालू झाली नाही म्हणून तुम्ही चाचांना बोलावलं. त्या निरोपाला थांबायला मी शिकवलं, मीच त्याला अडवून ठेवलं आणि मीच सोडलं. आणि फ्यूज काढू नका म्हणून मीच सांगितलं होतं."

"तुनं सांगतलं होतं?"

"त्यांनी फोन केला होता, बाबा. उतरायच्या आधी."

बाबांना हे माहीत होतं. चाचांनी त्यांच्यासमोरच फोन केला होता. मी बोलते का, याची ते सहा दिवस वाट पाहत होते. असं ते म्हणाले नाहीत, पण मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आई दाराची चौकट धरून रडत होती.

मग मालेगावला चाचींकडे गेले. एकटीच गेले. कागद दुआच्या हातात दिला आणि चाचींना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. तिने शाळेत वाचतात तसा एकेक आकडा स्पष्ट वाचला. जे कागदावर नव्हतं ते मी सांगितलं: दुकानातलं, जिन्यातलं, पडद्यावरचं, फोनवरचं, पाहुण्यांचं. टाळ्यांचंही सांगितलं.

दुआने कागद खाली ठेवला आणि ती आत निघून गेली. चाची मात्र उठल्या नाहीत.

"म्हंजे ते इसरले नोते."

"नाही चाची. त्यांनी मला विचारलं. मी नको म्हणाले."

त्यांनी चाचांचा कुर्ता मांडीवर ओढला आणि खिशावरून हात फिरवला. मला वाटलं, शिव्या देतील, हाकलून लावतील. तेच बरं झालं असतं.

"हे गावाले सांगशीन? जेथं त्याईचं लिवून ठुलं हाय, तेथं बी?"

"सांगते."

"मंग आधी तेथं जा. माह्यापाशी मांगून ये. मी तुले माफ करीन का नाही, ते मले आता नाही मालूम."

मी केनवडला परत आले ती फक्त मूळ नोंदींची प्रत दुसऱ्या जागी ठेवायला आणि हे लिहायला. हरीओम सरांचे सात फोन येऊन गेले. नोकरी तर गेलीच, पुढे माझ्यावर काय लागेल ते ठाण्यात कळेल. तरी जाणार आहे.

बाबांनी न विचारता मोटारसायकल अंगणात काढली आहे. मी म्हटलं, बाबा, तुम्ही कशाला, माझं मी जाते. ते म्हणाले, "हे बी द्याचे हायेत ना ठाण्यात," आणि सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. आता ते गाडीला किक मारतायत. मला इथवर ऐकू येतंय, प्रत्येक किकेला खिशात ते तीन फ्यूज खडखडतात.